शीतलादेवीच्या दारातलं ऊन पाणी

चपला इथेच काढा आणि कुंडाच्या काठापासून हातभर लांब उभे राहा. पाणी वरून शांत दिसतं, पण बोट घातलंत तर कातडी सोलून निघेल. गंधकाचा वास येतोय ना? त्याची घटकाभरात सवय होते. समोरचं कौलारू देऊळ शीतलादेवीचं. आता तुम्ही जे विचारणार ते मला ठाऊक आहे, कारण इथे येणारा प्रत्येकजण तेच विचारतो. जी देवी गारव्याची, जिच्यासाठी वर्षातून एक दिवस सारा गाव चुली विझवतो, तिच्याच दारात हे उकळतं कुंड कसं?

थांबा, अजून एक कोडं घालतो. काठावर हे लाकडी खुंटे ठोकलेत ते कशाला? श्रावणातल्या सप्तमीला आमच्या आडिवण्यात एकही चूल पेटत नाही. सगळं आदल्या दिवशी रांधलेलं, गारढोण. पण त्याच दिवशी या खुंट्यांना दोरीने बांधून मडकी कुंडात सोडतात. तोंडाला हळदीची पानं घट्ट बांधावी लागतात, नाहीतर आत गंधकाचा वास शिरतो. मग गार पानाशेजारी वाफाळती वाटी येते. घारगे मुळातच गोड, म्हणून त्यांच्याबरोबर गूळ न घातलेला गवती चहाचा काढा. वड्यांना कुळथाचं कढण, अळूवडीला आमसुलाचं सार, आणि शेवटच्या दहीभाताला नुसतं आल्याचं पाणी. जोडी चुकली तर म्हाताऱ्या बायका वाढणारीचं मनगट धरतात. शाळेच्या एका मास्तरांनी हौसेने चहाचं मडकं सोडलं होतं. जे वर आलं ते त्यांनी एकट्यानेच संपवलं, दुसऱ्या कोणी तोंड लावलं नाही.

तर ऐका. किती वर्षांपूर्वीची गोष्ट ते विचारू नका. मी आजोबांना विचारलं की तेही हात वर करायचे. पण तेव्हा हे पाणी गार होतं म्हणे. भर वैशाखात पाय बुडवला तरी दात वाजायचे. देवीचा सगळा गारवा या कुंडात साठलेला, असं लोक मानत.

देवी वर्षभर माणसांचे ताप आपल्या अंगावर घेते आणि त्याने पोळून निघते. सप्तमीला ती घरोघर येते आणि विझल्या चुलीच्या राखेत लोळते. तेवढाच तिचा विसावा. राखेत एक निखारा जरी राहिला, तरी देवी भाजते. म्हणून चूल गार ठेवायची.

ही राखण त्या काळी आवडाबाईंकडे होती. खोताच्या घरची बाई, शब्दाची करडी. सप्तमीचा बेत ती पंधरा दिवस आधी ठरवायची. रात्रभर काय टिकतं, काय आंबतं, कोणत्या घराने वडे तळायचे, कोणी घारगे करायचे, सगळं तिच्या तोंडपाठ. दीडशे माणसांची पंगत उठायची आणि कुठे काही कमी पडायचं नाही. हे तिचं श्रेय तिला द्यायलाच हवं. आणि सप्तमीच्या सकाळी ती दारोदार जाऊन प्रत्येक चुलीच्या राखेत हात घालून बघायची.

एका वर्षी कुंभारवाड्यात सखूच्या चुलीत तिच्या हाताला ऊब लागली. सखू पाच दिवसांची बाळंतीण. बाहेर पाऊस, घरात ओल. तिने दोन निखारे राखून त्यावर सुंठीच्या पाण्याचं बोळकं ठेवलं होतं. आवडाबाईंनी ते बोळकं अंगणात पालथं केलं आणि चुलीवर घागरभर पाणी ओतलं. देवी पोळेल हे तिला दिसलं, समोरची बाई काकडतेय हे दिसलं नाही. गोष्ट जुनी आहे, पण इथे आलो की मला अजून तिचा राग येतो.

सखू महिनाभर तापाने अंथरुणाला खिळली. तिचं दूध आटलं. शेजारणींनी आळीपाळीने पाजलं म्हणून तिचं मूल वाचलं. सखू कोणाला काही बोलली नाही, पण आवडाबाई दिसल्या की वाट बदलायची.

पुढच्या श्रावणात आवडाबाईंची लेक मैना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सप्तमीच्या आदल्या दिवशी तिला मुलगी झाली. रक्त फार गेलं. सप्तमीची सकाळ उजाडली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते आणि चार घोंगड्यांखाली ती थडथडत होती. आवडाबाईंनी दहीभाताचा घास लावला, तो तसाच ओठातून बाहेर आला.

सुईण म्हणाली, "गार काय बी उतरायचा नाय तिला. दुपारच्या आत पोटात ऊन घोट गेला तर पोर जगंल. नायतर माज्या हातात काय नाय."

आवडाबाई आपल्या चुलीपुढे जाऊन बसल्या. हातात चकमक होती, पण ठिणगी पाडवेना. कोणी म्हणतं, देवी भाजेल या भीतीने. कोणी म्हणतं, लोकांना काय तोंड दाखवू या लाजेने. मला विचाराल तर दोन्ही. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या राखेत घातलेला हात होता तो.

तेवढ्यात मागच्या दारातून सखू आत आली. पदराखाली सुंठ-गुळाच्या पाण्याचं बोळकं होतं, गारच.

"काकू, तुमची चूल नको," ती म्हणाली. "माजी पेटवत्ये. द्येवीचा काय कोप व्हायचा तो माज्या घरावर होऊ दे. पोर जगली पायजे."

 आवडाबाई रडल्या, असं सांगतात. ती बाई रडलेली गावाने त्याआधी पाहिली नव्हती.

पण सखूची चूल त्यांनी पेटवू दिली नाही. ते बोळकं घेतलं आणि तशाच अनवाणी देवळाकडे निघाल्या, सखू त्यांच्या मागोमाग. इथे अंगणात पंगत बसली होती, पानं वाढून झाली होती, आवडाबाई येतील आणि नैवेद्य दाखवतील म्हणून सगळे थांबले होते. त्यांनी नैवेद्य दाखवला नाही. गेल्या वर्षी सखूच्या घरात काय केलं ते साऱ्या गावासमोर सांगितलं, काही न लपवता. मग गाभाऱ्याकडे वळल्या.

"आई, तू पोळू नयेस म्हणून मी हिला गारठवलं. चूक माझी, तुझी नाही. लोकांचे ताप घेतेस ना तू? मग आज लेकीबाळींचा गारठा पण घे. चुलीवाचून मला एक घोट ऊन करून दे. नाही दिलास तर मी पाण्यातून वर येत नाही."

आणि बोळकं पोटाशी धरून त्या कंबरभर पाण्यात उतरल्या. पंगतीतल्या कोणी पानाला हात लावला नाही. बराच वेळ काही झालं नाही. आवडाबाईंचे दात वाजत होते, ते वरच्या पायरीवर ऐकू येत होते म्हणे. लोकांना वाटलं, आता मायलेकी दोघी जाणार.

मग तळातून एक बुडबुडा आला. त्यामागून दुसरा. पाण्यावर धुकं धरलं आणि पाणी तापत गेलं. लोक ओरडले, बाहेर या. त्या आल्या नाहीत. बोळक्यातून वाफ निघेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. वर आल्या तेव्हा पायांची सालं निघाली होती.

देवीने आपला गारवा देऊन टाकला तो कायमचा. म्हणून बारा महिने आम्ही तिच्या मूर्तीवर विहिरीचं गार पाणी घालतो. तिच्याजवळ आता स्वतःचं गार पाणी नाही.

आवडाबाई लेकीकडे धावत सुटतील असं सगळ्यांना वाटलं होतं. पण पायरीवर सखू उभी होती. त्या आधी तिच्यापाशी थांबल्या आणि बोळकं तिच्या ओठांशी नेलं.

"उशीर झाला, सखू," त्या म्हणाल्या. "वरीसभर उशीर झाला."

सखूने एकच घोट घेतला. "पोचला ना," ती म्हणाली. "आता पळा मैनाकडं."

मैना जगली. आवडाबाई पुढे उभा जन्म लंगडत चालल्या, पण कोणाच्या राखेत त्यांनी पुन्हा हात घातला नाही.

आजही सप्तमीला कुंडातून पहिलं मडकं निघतं, ते गावातल्या बाळंतिणीकडे जातं. घर कोणतंही असो, वाडी कोणतीही असो. खोताच्या घरची बाई ते अनवाणी नेते. वाटी पुढे करून म्हणते, "उशीर झाला, बाई." बाळंतीण एक घोट घेते आणि म्हणते, "पोचला ना." ते दोन शब्द देवळापर्यंत येईतो पंगतीत कोणी पहिला घास उचलत नाही.