आवडाईने मागितलेला वारा

शिडांशिवाय समुद्रात जायची दुसरी सोय नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. खाडीच्या तोंडावर माडखोण नावाचं गाव होतं. तिथून गलबत निघालं की काठावरची माणसं ओरडत, "वारो पाठीक!" वारा पाठीशी राहो, गलबत झरझर जावो, एवढाच त्याचा अर्थ.

गलबताचा म्होरक्या धाकू तांडेल. त्याची बायको आवडाई. तिने हाक मारली की खाडीपलीकडच्या म्हशी माना वळवत, असं म्हणतात. त्या वर्षी धाकू निघाला तेव्हा आवडाई सगळ्यांच्या वरताण ओरडली.

आणि वारा पाठीशी लागला. जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा तो; एरवी पहाटे वाहतो, दुपारपर्यंत पडतो. पण या खेपेला तो पडेचना. परतीच्या दिवसांत लांबवर शीड दिसायचं आणि पुन्हा मागे रेटलं जायचं. गलबतावरचं पाणी संपत आलं असणार, हे काठावर सगळ्यांना कळत होतं.

आवडाई वाऱ्याला शिव्या घालू लागली. सासू म्हणाली, "त्येका कित्याक गाळी घालतंस? तूच मागलंस मां?"

आवडाई चपापली. जाण्यापुरता वारा मागितला होता. येण्याचा मागायचा राहूनच गेला होता.

ती टोकाच्या खडकावर धावली, पदर पसरून उभी राहिली आणि ओरडली, "येताना वारो पाठीक!" ओरडतच राहिली. असं म्हणतात, समुद्राकडे फडफडणारा तिचा पदर आधी लुळा पडला, मग भरला आणि उलटा फिरून गावाकडे उडाला. त्याबरोबर ते शीडही मोठं मोठं होत आलं.

धाकूने गुडघाभर पाण्यात उडी टाकली. "किती आरडतंस गो! वारो भियान पळत सुटलो, आमी त्येच्या फुडे!"

आवडाईने त्याच्या ओल्या पाठीत एक धपाटा घातला. बोलायला तोंड उघडलं, पण आवाज उमटला नाही. तो आवाज पुढे कधीच परत आला नाही. अजून समुद्रावर फिरतोय, असं म्हणतात.

माडखोणला आता शिडं नाहीत. पण कोणी एसटीने पुण्याला निघो, कोणाला दवाखान्यात न्यायचं असो, घरातली बाई पदर पसरून हळूच म्हणते, "येताना वारो पाठीक." निरोपाला तिथे कोणी ओरडत नाही. परत आलेल्याने मात्र उंबऱ्याबाहेर थांबून, शेजारच्या वाडीला ऐकू जाईल असं ओरडायचं, "वारो पोचलो गे!" आवडाईच्या वाटणीचं ते ओरडणं. ते ऐकू आलं, की मग आत चहाचं आधण चढतं.