गाळलेला मजकूर

एकदा एका तालुक्याच्या गावी परलोक आणि पुनर्जन्म मानणाऱ्या थिऑसॉफी पंथाचे अभ्यासमंडळ चालवणारे एक वृद्ध गुरुजी होते. दर रविवारी ते मूळ ग्रंथातला एकच परिच्छेद वाचत आणि त्यावर तासभर बोलत. या गतीने सातशे पाने संपायला दोन जन्म लागले असते. पुनर्जन्मावर श्रद्धा असूनही त्यांचा शिष्य नरहर तेवढा थांबायला तयार नव्हता. लाल पेन्सिलीने पाल्हाळ खोडत त्याने साठ पानांचा संक्षेप केला. मंडळी खूश झाली आणि मूळ ग्रंथ कपाटात गेला.

गुरुजी आजारी असताना एका रविवारी अनसूयाबाई आल्या. त्यांचा विशीतला मुलगा महिन्यापूर्वी तापाने गेला होता.

"माझा मुलगा आता कुठं असेल हो?" त्यांनी विचारले.

नरहरने संक्षेप उघडून सांगितले, की जीव आधी वासनालोकात, म्हणजे इच्छा न सुटलेल्या जीवांच्या लोकात जातो आणि तरुणपणी गेलेल्याला तिथे अधिक काळ तळमळावे लागते. बाई उठून गेल्या. चौथ्या दिवशी शेजारीण सांगत आली, की मुलगा तळमळत असताना मी कशी जेवू म्हणून बाईंनी अन्न सोडले आहे.

नरहरने गुरुजींकडे धावत जाऊन सारे सांगितले. "गुरुजी, मी पदरचं एक अक्षरही घातलं नाही."

"कपाटातला ग्रंथ आण," गुरुजी म्हणाले. "आणि तू खोडलंस तेवढंच वाच."

नरहर चक्रावला, तरी वाचू लागला. त्या प्रकरणाच्या अखेरीस लेखकाने लिहिले होते: 'हे मी पाहिलेले नाही, ऐकले तसे लिहिले. कुणाच्या शोकाला हे लावू नये. मागे राहिलेल्यांची माया तिथवर पोहोचते, एवढेच सांगावे.'

"लेखकानं जे ऐकलं होतं ते तू ठेवलंस," गुरुजी म्हणाले. "जे ठाऊक नव्हतं तेही त्यानं तितक्याच काळजीनं लिहिलं होतं. ते तुला पाल्हाळ वाटलं. मंडळी खूश होती म्हणून मीही गप्प बसलो. त्यात माझाही दोष आहे."

नरहर ग्रंथ घेऊन बाईंकडे गेला. त्यांनी त्या ओळी ऐकल्या.

"त्या दिवशी हे का नव्हतं?"

"मी गाळलं होतं."

"मग आजही काही गाळलं असेल," बाई म्हणाल्या आणि शेजारणीने आणलेले ताट त्यांनी बाजूला सारले.

नरहरने वाद घातला नाही. प्रकरणाचे पहिले पान काढून तो एकही ओळ न सोडता वाचू लागला. बाई ऐकत होत्या की नाही, हे त्याला कळले नाही.