चुलीपाशी कोणाला बसवावं

“...आणि नाहीच गेली तर?” मी विचारलं.

मठाच्या स्वयंपाकघरात बसून अमृतबुवा मोठ्या चुलीतली राख ओढत होते.

मी दारातच उभा होतो. चूल विझलेली होती, तरी आत पाऊल टाकवेना.

“भीतीवर अंगारा असतो म्हणतात, बुवा. नाहीतर दोरा बांधा. पण आजच बांधा.”

“कोणाला वाटते भीती?”

“मला नाही वाटत. हात कापतो, एवढंच.”

“मग दोरा हाताला बांधू का तुला?”

मला राग आला. थट्टा करून घ्यायला मी टेकडी चढून आलो नव्हतो.

माझा थोरला भाऊ भागवत याच चुलीवर स्वयंपाक शिकला. मग गावात त्यानं चायनीजची गाडी टाकली. महिन्यापूर्वी गाडीवरच्या गॅसच्या नळीनं पेट घेतला. नळीला चीर होती. दादानं तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळली होती.

मी त्याच्या शेजारी उभा होतो. “मागं हो!” एवढंच तो ओरडला आणि मला ढकललं. माझा एक केससुद्धा जळला नाही.

सुतकात आमच्याकडे चूल पेटवत नाहीत. शेजारपाजारचे डबे येतात. तेरावं झालं की घरची चूल पेटवायची असते. मी पेटवू दिली नाही. वहिनीनं काडीपेटी घेतली की हिसकावून घ्यायचो. सिलिंडर नेऊन परसात ठेवला. डबे येत राहिले, मग एकेक करून थांबले.

आज दुपारी वहिनीनं पिशवी भरली.

“भाऊजी, चूल न पेटणाऱ्या घरात लेकरू कसं वाढवू? आज पेटली तर राहते. नाहीतर उद्या सकाळच्या एसटीनं माहेरी जाते.”

रेणू सहा वर्षांची आहे. ती म्हणाली, “काका, पप्पांसारख्या तिखट नूडल्स कर ना.”

हे सगळं मी बुवांना सांगितलं. एका दमात सांगितलं.

बुवा राख ओढतच होते.

“मठाची एक रीत आहे, लहू. जो घाबरत नाही त्याला आम्ही चुलीपाशी बसवत नाही. तो पाणी भरतो.”

“दादा तर चुलीपाशी बसायचा.”

“तीन वर्षं बसला. मग एक दिवस उकळत्या आमटीचं पातेलं नुसत्या हातांनी उतरवलं. वर सगळ्यांकडे बघून हसला. मी म्हणालो, भागवता, उद्यापासून पाणी भर.”

“मग?”

“मग तो गावात गेला.”

...

“म्हणजे चूक त्याची?” मी ओरडलो. “तुम्ही त्याला इथंच ठेवून घेतलं असतं तर? थोडं समजावलं असतं तर?”

बुवांचा हात थांबला.

“हो,” ते म्हणाले.

एवढंच.

मग गुडघ्यावर हात टेकून उठले. “चल. त्या तुमच्या लांब शेवया बघू दे मला.”

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मी सिलिंडर आत आणला. नळी नवी होती, शेगडीही नवी. तरी बुवांनी वाटीत साबणाचा फेस केला आणि नळीला लावला. कुठं बुडबुडा येतो का ते पाहिलं. नाही आला. त्यांनी पुन्हा फेस लावला. वाकून, डोळे बारीक करून पाहिलं.

“बुवा, तुम्हीपण घाबरता?”

बुवांनी तिसऱ्यांदा फेस लावला.

पहिली काडी मोडली. दुसरी विझली. तिसरी पेटली तेव्हा शेगडीनं भक्कन आवाज केला आणि मी भिंतीला जाऊन टेकलो.

कोणी हसलं नाही. बुवा उंबऱ्यात बसले होते, रेणू त्यांच्या मांडीजवळ.

नूडल्स उकडल्या. थोड्या कच्च्या असतानाच काढल्या, गार पाणी मारलं, तेलाचा हात लावला. गाडीवर हेच माझं काम होतं. उकळत्या पाण्याशी माझी ओळख होती. खरी आच पुढं होती.

वहिनीनं कोबी, गाजर, सिमला मिरची उभी चिरून दिली. लसूण-आलं ठेचलं. भिजवलेल्या लाल मिरच्या वाटल्या. मी लोखंडी कढई ठेवली आणि गॅस मोठा केला. तेलातून धूर निघायला लागला.

वाटलं, लवकर संपवू. मी सगळ्या नूडल्स एकदम उचलल्या.

“भाऊजी,” वहिनी हळूच म्हणाली, “घरच्या गॅसवर एका वेळी एकच ताट. ते तसंच करायचे.”

मला माहीत होतं. घरची आच गाडीसारखी नसते. सगळं एकदम टाकलं की कढई थंड पडते, भाजी पाणी सोडते, लगदा होतो. पण एकेक ताट म्हणजे तीनदा धूर. तीनदा ती आच.

मी बुवांकडे पाहिलं. ते धुराकडे बघत होते.

नूडल्स परत ठेवल्या. एका ताटापुरत्या घेतल्या.

आधी लसूण-आलं. मग मिरचीचं वाटण. असा ठसका उठला की सगळेच खोकायला लागलो. वहिनीनं तोंडाला पदर लावला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, माझ्याही. कोणाला काही विचारायची गरज नव्हती.

भाज्या टाकल्या, झाऱ्यानं परतल्या. नूडल्स, मीठ, सोया सॉस. शेवटी कडेनं व्हिनेगर. कढई हलवली तसं तेल कडेवरून सांडलं आणि वीतभर जाळ वर आला.

तेवढ्यात वासानं रेणू धावत आली. तिचा हात ओट्याच्या कडेवर. मान वर. झग्याची झालर...

“मागं हो!”

वहिनीच्या हातातलं ताट खाली पडलं.

तो आवाज माझा नव्हता. म्हणजे निघाला माझ्याच घशातून, पण मी तसा कधी ओरडलो नव्हतो.

रेणू मागं झाली. रडली नाही. बुवांच्या मांडीवर बसली आणि त्यांना समजावून सांगितलं, “पप्पापण असंच ओरडायचे. मग नूडल्स मिळायच्या.”

जाळ आपोआप बसला. मी झारा सोडला नव्हता.

एक ताट झालं. मग दुसरं. मग तिसरं.

रेणूनं पहिला घास घेतला, नाक पुसलं.

“तिखट आहे?”

“पप्पांच्यापेक्षा जास्त,” ती म्हणाली आणि ताट पुढं केलं. “अजून.”

मी बुवांपुढं ताट धरलं.

“लसूण आहे त्यात. मला चालत नाही.” त्यांनी ताटावर वाकून मोठा श्वास घेतला. “वास चालतो.”

जेवण झाल्यावर वहिनीनं कढई घासून पालथी घातली. मग डब्यातून मटकी काढली आणि उद्यासाठी भिजत घातली.

मी गॅस बंद केला. बटण पाहिलं. बुवांना पोचवायला दारापर्यंत गेलो, परत आलो, बटण पुन्हा पाहिलं. रेग्युलेटर पाहिला. बुवा अंगणात थांबले होते.

“बुवा,” मी म्हणालो. हात अजून कापत होता, तो मी त्यांना दाखवला. “भीती गेली नाही.”

बुवांनी माझा हात धरला नाही, दोरा बांधला नाही. पायात वहाणा सरकवल्या.

“नाही ना? मग चुलीपाशी तूच बस.”