करवंटीतला मासा

“पण भन्तेजी, भीती पाण्यातून पसरते का?”

हा प्रश्न गेले कित्येक दिवस सुमेधाच्या उशाशी बसून होता. लेक झोपायची, नवरा झोपायचा, आणि ही डोळे मिटून जागी. आज भर दुपारी, विहाराच्या ओसरीवर, तो एकदाचा तोंडातून बाहेर पडला आणि पडल्या पडल्या तिलाच खुळचट वाटला.

वृद्ध भन्ते हसले नाहीत. त्यांनी समोरच्या काचेच्या पेटीकडे पाहिलं. सुमेधानं ती रिक्षातून मांडीवर सांभाळत आणली होती. निम्मं पाणी पेटीत, उरलेलं ओढणीवर.

पेटीत थोडा पाणपाला होता आणि एक कॅटफिश. बोटाएवढा, मिशीवाला. काचेवर आपटायचा, थबकायचा, पुन्हा सुसाट सुटायचा.

“कोण घाबरलंय?” भन्तेंनी विचारलं.

“मासा.”

“बरं.”

...

त्या ‘बरं’नंतर बरीच जागा मोकळी राहिली. सुमेधाला मोकळी जागा सोसत नसे. ती घाईघाईनं भरू लागली.

तिची उत्पला चार वर्षांची. घरात तोंडाचा पट्टा बंद नाही, पण दारात कुणी आलं की टेबलाखाली. बालवाडीत बाईंनी नाव विचारलं तरी ओठ शिवलेले. म्हणून हा मासा आणला. त्याला खाऊ घालेल, जरा धीट होईल...

“तर हा तिच्याहून भित्रा निघाला,” सुमेधा म्हणाली. “माझं नशीब बघा.”

“मग?”

“मग उत्पला म्हणाली, मासा बाहेर आला की मी शाळेत जाईन.”

“कुठून बाहेर?”

“करवंटीतून. तळाशी नारळाची करवंटी ठेवली होती, तिच्यात दडून बसायचा. सुट्टी संपून सोमवारपासून शाळा. आता हा कधी बाहेर यायचा, म्हणून मी...” तिनं ओढणी पिळली. “मी करवंटीच काढून घेतली.”

भन्तेंच्या पांढऱ्या भुवया किंचित वर गेल्या.

“बाहेर आला खरा. पण तेव्हापासून हा असा. आणि ही म्हणते, तो आला नाही, तू त्याचं घर काढलंस. आता शाळेचं नाव काढायची सोय नाही. मी पाणी तपासलं, भन्तेजी. उजेड कमी-जास्त करून पाहिला. मिळेल ते सगळं वाचलं. रसायनशास्त्रात एम.एस्सी. आहे मी.”

“आणि मासा?”

“त्याच्यावरची नजर मी हलू देत नाही. दिवसभर काचेला नाक लावून असते.”

“आणि पोर?”

“तिलाही...” ती अडखळली. “शाळेत मी वर्गाच्या खिडकीशी उभी असते. रडली तर, म्हणून.”

“रडते?”

“माझ्याकडे बघून रडते.”

...

ऊन पेटीत उतरलं होतं. पाणी हलायचं तशा छतावर उजेडाच्या रेघा सरकायच्या, एकमेकींत विरायच्या, पुन्हा उमटायच्या. सुमेधा वर पाहत राहिली. तिला वाटलं, आपण सगळेच तळाशी बसलोय, आणि वरून कुणीतरी वाकून पाहतंय.

खांबामागे उत्पला उभी होती. घरातून निघाल्यापासून ती करवंटी तिनं छातीशी धरली होती.

“कुणाचं घर आहे ते?” भन्तेंनी विचारलं. तिच्याकडे न बघता, छताला.

उत्पलानं करवंटी आणखी घट्ट धरली.

“माझ्याकडे असतं, तर मी बुवा परत दिलं असतं,” ते छतालाच म्हणाले.

छोटी पावलं वाजली. डुबुक. करवंटी तळाशी टेकली, आणि मासा सरकन तिच्याखाली.

“गेला,” सुमेधा म्हणाली. “आता येतोय कसला.”

भन्ते उठले. गुडघे कुरकुरले. त्यांनी सुमेधाला उठवलं, तिची सतरंजी उलटी फिरवून भिंतीकडे तोंड करून घातली आणि बस म्हणून खूण केली. मग स्वतःही तिच्या शेजारी बसले. भिंतीकडे तोंड करून.

“अशी?”

“अशी.”

“पण तो घाबरला, तर मला कळणार कसं?”

“कळणार नाही.”

“मग मी काय करू?”

“भिंत बरी आहे. गेल्या साली रंगवलीय.”

...

भिंत पिवळी होती. एक मुंगी तिच्यावरून चालली होती, कुठलीच घाई नसल्यासारखी. वाऱ्यानं भन्तेंच्या अंगावरचं चीवर हलायचं आणि निजायचं. सुमेधाची मान आपोआप वळू पाहायची, ती तिला बळंच सरळ करायची. हळूहळू मानेनंच नाद सोडला. मागे लेकीचा श्वास ऐकू येत होता, की पाण्याचा, ते तिला सांगता आलं नसतं. किती वेळ गेला कोण जाणे.

“मिशी,” मागून कुजबुज आली.

परक्या माणसासमोर. सुमेधानं श्वास रोखला.

“एकच आहे... दुसरीपण आली.”

...

“तोंड आलं.”

सुमेधाचा खांदा फिरला. भन्तेंनी भिंतीवरची नजर न काढता एका बोटानं सतरंजीवर हलकेच टकटक केलं. खांदा परत जागेवर आला.

“सगळा आला,” उत्पला म्हणाली. आता ती कुजबुजत नव्हती. “करवंटी आहे, तरी आला. पाला खातोय. मम्मी, तू बघू नकोस हं.”

“नाही बघत.” पिवळी भिंत पाण्यात बुडाल्यासारखी डोळ्यांपुढे थरथरत होती. सुमेधानं नाक पुसलं आणि हळूच विचारलं, “हे काय झालं, भन्तेजी?”

“मला काय माहीत, पोरी? मी पण भिंतच बघतोय.”

...

मग सुमेधानं भिंतीलाच विचारलं, जपून, शब्दांचा आवाज होऊ नये अशा बेतानं.

“उत्पला... मग सोमवारी शाळेत जायचं का गं?”

मागे पाण्याचा एक बुडबुडा फुटला.

“जाईन,” उत्पला म्हणाली. “तू खिडकीत ये. पण अशी. पाठ करून.”