घुमणारी बारव

विहिरीसुद्धा बोलायच्या, त्या काळची गोष्ट. तांबट पक्षी गळा फुगवून टुक-टुक ठेका धरायचा आणि साळुंकी त्यावर भरभर शब्द टाकायची. एका खोल बारवेनं त्यांना बोलावलं. "माझ्यात गा, आवाज दहापट घुमेल. मात्र इथे गायलेलं सगळं माझं." दोघांनी होकारार्थी माना डोलावल्या.

खरंच, अख्खं रान ऐकायला लोटलं. पण बारवेला रोज तेच गाणं हवं असायचं. नवं काढलं की म्हणायची, "माझ्याबाहेर तुम्हाला विचारतंय कोण?"

साळुंकीला ते पटायचंच. "तांबटदादा, मोठा आवाज तिचा रे. आपला केवढासा?"

"केवढासा ते तरी बघू की, बाई!" म्हणत तांबट उंबरावर जाऊन बसला.

जुनी गाणी बारवेत सोडून साळुंकीही त्याच्यामागे उंबरावर गेली आणि घाबरत तिनं नवी ओळ म्हटली. आवाज पानाएवढा निघाला. तेवढ्यात पलीकडच्या बाभळीवरून कुणीतरी ठेका धरला. मग चिंचेवरून, मग पार टेकडीवरून. झाडाझाडावरचे पक्षी तिच्या ओळीपुढे आपापली ओळ जोडू लागले. साळुंकी चोच वासून ऐकतच राहिली.

खाली बारवेनंही ते नवं गाणं म्हणून पाहिलं. तिला प्रत्येक ओळीचा फक्त शेवटचा शब्द म्हणता आला.