लक्ष्मीपूजनाचा निकाल

तालुक्याच्या कोर्टात त्या सोमवारी शालनकाकूंच्या घराचा फैसला होता. नवरा गेला आणि दिराने त्यांना घर सोडायला सांगून दावा लावला. दिराचे वकील घारपुरे म्हणजे बडं प्रस्थ, तर काकूंची वकील जुई अगदी नवखी. काकू बापड्या सोमवारचा उपास धरून, महादेवाचं नाव घेत बसल्या होत्या.

घारपुरेंनी ऐटीत टॅब उघडला. "साहेब, दिराच्या नावावरच्या घरावर विधवा भावजयीचा हक्क नाही. हायकोर्टाचा निकालच आहे, सात नोव्हेंबर दोन हजार अठराचा."

काकूंनी जुईचा पदर ओढावा तसा काळा कोट ओढला आणि कानात काही सांगितलं. जुईने परवानगी मागितली, तशा काकू हात जोडून उभ्या राहिल्या.

"साहेब, माझी नात त्याच तारखेला झाली. लक्ष्मीपूजनाची म्हणून नाव श्रिया ठेवलं. लक्ष्मीपूजनाला हायकोर्ट निकाल देतं का हो?"

न्यायाधीशांनी जुनं कॅलेंडर काढून पाहिलं. खरंच लक्ष्मीपूजन, कोर्टाला सुटी. "घारपुरे, निकालाची प्रत दाखवा."

घारपुरे टॅब चाळू लागले. "साहेब, एआयने शोधून दिला. पडताळायचा राहिला."

दुसरा आधार नव्हताच. दिराचा दावा फेटाळला गेला.

बाहेर घारपुरे पुटपुटले, "काकू, त्या यंत्राने घात केला."

"त्याला कशाला बोल लावता, भाऊ? त्याच्या घरी दिवाळी नसते. तुमच्या घरी तर असते ना?"



शालनकाकूंच्या देवघरातला दिवा जसा तेवत राहिला, तसा तुमच्याआमच्या घरी तेवो.