धोतऱ्याचे रिंगण

पूर्वी कुरंगवती नगरात विजितसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तणाच्या एका रिंगणात देवता होऊन राहत होते. वडाच्या, आंब्याच्या देवतेला लोक दिवा लावतात, सूत गुंडाळतात. तणातल्या देवतेला कोणी ओळखतही नाही. बोधिसत्त्वांना त्याचे कधी काही वाटले नाही.

राजाने नगराबाहेरच्या पडीक जमिनीवर नवे उद्यान उभारायला घेतले आणि ते काम कोलिक नावाच्या माळ्याकडे सोपवले. कोलिकाच्या हाताला गुण होता. त्याने लावलेली जाई कधी वठली नाही. पण तणाचा त्याला मनापासून तिटकारा होता. आघाडा, लव्हाळा, हरळी, रुई, धोतरा, या साऱ्यांना तो भिकारडी म्हणे, मुळासकट उपटी आणि उन्हात वाळत टाकी.

राजाने त्याला बजावले होते, "वसंतोत्सवाला राणीदेवी इथे झोके घेणार आहेत. तण दिसता कामा नये. दिसले, तर या नगरात तू दिसणार नाहीस."

ज्या जुन्या आंब्याला झोपाळा टांगायचा होता, त्याच्या समोरच ते रिंगण होते. मध्ये दाट हरळी आणि कडेने धोतरा. कोलिकाने ते पहिल्यांदा खुरपून काढले तेव्हा त्याला विशेष काही वाटले नाही. सकाळी पाहतो तो रिंगण पुन्हा तेथेच, तेवढेच, बोटभरही कमी नाही की जास्त नाही. धोतऱ्याची पांढरी फुले आतल्या बाजूला वळून खाली वाकली होती. कसल्याशा भोवती माणसे जमावीत आणि वाकून खाली पाहावे, तशी ती दिसत होती.

त्याने पुन्हा उपटले. पुन्हा आले. एकदा हरळीची लांब मुळी त्याने जोर लावून ओढली, तेव्हा जमिनीतून दीर्घ श्वास सोडल्यासारखा आवाज आला आणि थंड हवा त्याच्या मनगटाला लागली. पुष्कळ वर्षे बंद राहिलेल्या खोलीचा वास होता तिला. कोलिकाच्या हातून मुळी सुटली.

त्याची बायको बिंबा उद्यानात हार गुंफायला येत असे. ती म्हणाली, "त्या जागी पाखरू उतरत नाही. मी कितीतरी वेळा पाहिलंय. सोडा ती जागा. झोपाळा दुसरीकडे टांगा."

"आणि महाराजांना काय सांगू? गवताला भ्यालो म्हणून?"

"भ्यालात तर खरे," बिंबा म्हणाली आणि मान खाली घालून हार गुंफू लागली.

कोलिकाने रिंगणाला आग लावली. राखेतून कोंब आले. मग त्याने मोठ्या हंड्यात मिठाचे पाणी उकळले आणि ते कढत पाणी कडेपासून मध्यापर्यंत ओतत गेला. पाने काळी पडली, देठ लोळले. वाफ वर आली आणि त्या वाफेतून, वेदना गिळून बोलावे तसे कोणीतरी म्हणाले, "माळीदादा, पाय जपून टाक. मध्यावर जाऊ नकोस."

कोलिक रिकामा हंडा तिथेच टाकून घरी आला. त्या दिवशी त्याला जेवण गेले नाही. बिंबाने विचारले, तर उन्हाने डोके चढले म्हणाला.

उत्सवाच्या आदल्या संध्याकाळी तो पाहणी करायला गेला. दिवस मावळत होता. रिंगणाची जागा काळी, सपाट झाली होती; मध्ये हरळीची एक चिवट बट तेवढी हिरवी होती. तो आंब्याआड थांबला आणि त्याला दोन आवाज ऐकू आले. एक वरून, आंब्याच्या पानांतून येत होता. दुसरा जमिनीतून येत होता, फार थकलेला.

वरचा आवाज म्हणाला, "मित्रा, किती सोसशील? तुझ्या अंगावर कढत मिठाचे पाणी ओतले त्याने. माझ्यात ये. उद्यापासून राणीचे फूल, राणीचा दिवा. आपण दोघे सुखाने राहू."

"मी वर आलो, तर जमीन कोण धरील?" खालच्या आवाजाने विचारले. "फळ्या केव्हाच कुजल्या. आता माझी मुळेच काय ती उरली आहेत. आणि खाली आधीच माणसे आहेत. त्यांच्यात आणखी भर नको."

"ज्याने तुला जाळले तोच पडला तर?"

"त्यालाही धरीन. जमेल तितके."

कोलिक पळत घरी आला. भुते माणसाला अशीच भुलवतात, असे तो स्वतःला समजावत राहिला. खरे सांगावे तर राजा हाकलणार. गप्प राहावे तर तो आवाज कानातून जात नव्हता. बिंबाला त्याने काहीच सांगितले नाही.

सकाळी वाद्ये वाजत मिरवणूक आली. काळ्या जागेवर कोलिकाने पहाटेच, कडेला उभे राहून, पांढरी वाळू पसरली होती, त्यामुळे राजाला उद्यान निष्कलंक दिसले आणि तो प्रसन्न झाला. झोपाळा पाहताच राणी वसुमती सख्यांचे हात सोडून अनवाणी पुढे धावली. ती वाळूच्या कडेशी पोचली, आणि कोलिकाच्या तोंडून शब्द निघून गेले.

"देवी, थांबा."

सारे थांबले, पण राणी ओघात पुढे जात होती. कोलिक धावला, त्याने तिला मागे लोटले आणि तो स्वतः वाळूवर जाऊन पडला. जमीन आवाज न करता खाली गेली.

तो कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत उतरला आणि तेथेच लटकला. हरळीच्या मुळ्या त्याच्या मनगटांना, काखांना वेढून होत्या. हाताने धरावे तशा त्या घट्ट होत होत्या. त्याने खाली पाहिले. ती जुनी कोरडी विहीर होती. तळाशी भिंतीला टेकून माणसे बसलेली होती, किंवा माणसांचे जे उरते ते बसलेले होते. एकीच्या मांडीवर लहान मूल होते. वरून उतरलेली धोतऱ्याची मुळे त्यांच्या अंगावर चादरीसारखी पसरली होती.

"खाली पाहू नकोस," आवाज त्याच्या कानाशी म्हणाला. "वर बघ. ते दोर टाकताहेत."

झोपाळ्याचाच दोर होता तो. राणीने स्वतः त्याचे टोक धरले होते. कोलिक काठावर आला, आणि त्याच क्षणी मागे मुळ्या एकामागून एक तुटल्या. तेवढा आवाज फक्त त्याला ऐकू आला.

मग कोलिकाने राजाच्या पायांशी बसून सगळे सांगितले, वाळूचेसुद्धा. दरबारातल्या एका वृद्ध मंत्र्याला लहानपणी ऐकलेले आठवले. एका स्वारीत इथले गाव त्या विहिरीत लपले होते, ज्यांनी वरून फळ्या आणि माती घातली ते मारले गेले, आणि मग कोणी उघडायला आलेच नाही. राजाने कोलिकाला क्षमा केली, अस्थी वर काढवल्या, त्यांचे विधी केले आणि विहीर बुजवली.

रिंगण पुन्हा उगवेल म्हणून कोलिक वाट पाहत राहिला. उगवले नाही. बोधिसत्त्व तो देह सोडून आपल्या कर्मानुसार पुढे गेले होते. कोलिकाने नदीकाठची हरळी आणून त्या जागी लावली, तिला पाणी घातले, तिच्याशी वाकून बोलला. हरळी वाढली. ती बोलली नाही.

सभेतल्या भिक्खूंना ही पूर्वजन्मीची गोष्ट एवढी सांगून शास्ते, म्हणजे त्यांचे गुरू, थांबले. त्या सकाळी विहाराच्या दाराशी बसणाऱ्या एका कोड फुटलेल्या म्हातारीला भिक्खू केसराने उठवून लावले होते. तो सभेत मागे बसला होता.

शास्ते शांतपणे म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाची राणी ही आजची उपासिका मेघवती. आम्रदेवता म्हणजे हा ज्येष्ठ भिक्खू, थेर सुजात. केसरा, तो माळी तू होतास. आणि ज्याने तुला धरून ठेवले ते तण मी होतो. ज्याने जाळले त्यालाही पडू न देणे, याला क्षांती म्हणतात."

केसर उठला आणि म्हातारीला शोधायला बाहेर गेला.